दहा लाख सोडले, परतले किती?

जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आपल्याकडे विहिरीचं पाणी भरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात पाण्याचा हा जडपणा ध्यानात यायला मात्र लाखो मासे मरावे लागले.

2013 मध्ये तिथे स्प्रिंगफील्ड या गावी एक मत्स्यबीज केंद्र सुरू झालं. खर्च सुमारे 1 कोटी 35 लाख डॉलर. वर्षाला सॉकाय जातीच्या सॅल्मनची दहा लाख पिल्लं वाढवायची आणि समुद्राकडे धाडायची, असा बेत होता. जमिनीखालून येणारं पाणी थंड आणि स्वच्छ, त्यामुळे पिल्लं चांगली पोसली. मग टँकरमधून ती रेडफिश सरोवराच्या ओढ्यात सोडली आणि पहिलं धरण गाठायच्या आतच त्यातली बहुतेक मेली. पुढच्या वर्षी तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शोध घेता घेता कळलं की केंद्रातलं पाणी क्षारांनी जड आहे आणि ओढ्याचं पाणी ग्रॅनाइटवरून वितळून येणाऱ्या बर्फाचं, एकदम हलकं. हा बदल पिल्लांच्या शरीराला सोसत नव्हता. आता त्यांना आधी मध्यम जड पाण्यात काही दिवस मुरवतात आणि मगच सोडतात. तेव्हापासून ती जगू लागली आहेत.

ही गोष्ट मी हसण्यासाठी सांगत नाही. केंद्रातली माणसं हुशार आहेत, त्यांनी चूक शोधून दुरुस्तही केली. मला खटकतो तो आकडा. दहा लाख पिल्लं तयार झाली की बातमी होते, फोटो निघतात, पुढच्या वर्षीचा निधी पक्का होतो. मासा वाचला की नाही हे ठरवण्याचं माप मात्र वेगळं असायला हवं आणि ते माप वापरलं की चित्र फार ओशाळवाणं दिसतं.

आधी या माशाची ओळख. (आपल्याकडच्या हॉटेलांत ज्याला ‘इंडियन सामन’ म्हणतात तो रावस. चवीला उत्तम, पण सॅल्मनशी त्याचं काडीचंही नातं नाही.) पावसाळ्याच्या पहिल्या सरींना आपल्याकडे चढणीचे मासे निघतात, कोकणात वलगणीचे म्हणतात, ते शेतापर्यंत, ओढ्यापर्यंत चढतात. सॉकायची चढण याच जातीची, पण मापं निराळी. पॅसिफिकपासून कोलंबिया, मग स्नेक, मग सॅल्मन या नद्यांमधून सुमारे 1,450 किलोमीटर, म्हणजे मुंबईहून दिल्ली गाठण्याइतकं अंतर, तेही प्रवाहाच्या उलट. सरोवर समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,000 मीटरवर. कळसूबाईच्या शिखरावर उभं राहिलं तरी ते आणखी साडेतीनशे मीटर वरच. नदीत शिरल्यावर हा मासा खाणं सोडतो. अंगातल्या चरबीवर सगळा प्रवास करतो, वाटेत लालभडक होतो, ऑक्टोबरात सरोवराच्या काठच्या खडीत अंडी घालतो आणि मरतो. या लाल माशांवरूनच सरोवराचं नाव रेडफिश पडलं.

इतर सॅल्मन ओढ्यानाल्यांत वाढतात. सॉकायच्या पिल्लांना बहुधा सरोवरच लागतं. एक-दोन वर्षं ती तिथल्या सूक्ष्म प्राण्यांवर जगतात आणि मग खाली निघतात. म्हणून या माशाचा प्रश्न नुसत्या नदीचा किंवा नुसत्या सरोवराचा होऊ शकत नाही. घर एकीकडे, पोटापाण्याची जागा दुसरीकडे आणि मधली वाट दीड हजार किलोमीटरची. तिन्हींपैकी एक बिघडलं की संपलं.

इथे तर तिन्ही बिघडवली गेली. 1910 मध्ये सॅल्मन नदीवर सनबीम धरण झालं, एका खाणीला वीज द्यायला. खाण लवकरच बुडाली, धरण मात्र 1934 मध्ये फोडलं जाईपर्यंत वाट अडवून उभं होतं. शेजारच्या पेएट नदीच्या खोऱ्यातली सॉकाय 1924 च्या ब्लॅक कॅन्यन धरणानंतर संपली. 1938 ला कोलंबियावर बॉनव्हिल उभं राहिलं आणि 1975 ला स्नेकवर लोअर ग्रॅनाइट. या दोन तारखांच्या दरम्यान समुद्र आणि रेडफिश यांच्यामध्ये एकूण आठ भिंती आल्या: चार कोलंबियावर, चार स्नेकच्या खालच्या टप्प्यात.

सगळ्यात चीड आणणारा भाग सरोवरांचा आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत आयडाहोच्या मत्स्य खात्यानेच स्टॅनली, पेटिट आणि यलोबेली या सरोवरांत विष कालवलं. हौशी गळवाल्यांना ट्राउट हवे होते. सॉकाय आणि बाकीचे मासे त्या हिशेबात फालतू ठरले. मारलेले पुन्हा वर येऊ नयेत म्हणून ओढ्यांवर अडथळेही बांधले. आज तेच खातं त्याच जातीच्या एकेका माशाला भूल देऊन, वजन करून, जनुकं तपासून जपतं. याला कुणी पश्चात्ताप म्हणेल. मला त्यात धोक्याची खूण दिसते: माणसाला एका वेळी एकच मासा दिसतो, पाणी दिसत नाही.

1990 मध्ये शोशोन-बॅनक या मूळनिवासी जमातींनी सरकारकडे अर्ज केला की स्नेकचा सॉकाय नामशेष होण्याच्या बेतात आहे, त्याला कायद्याचं संरक्षण द्या. 1868 च्या फोर्ट ब्रिजर कराराने शिकारीचा हक्क त्यांच्याकडे राहिला होता, आणि मासेमारी त्यातच आली. पण जो मासा उरलाच नाही तो पकडण्याचा हक्क घेऊन करायचं काय? 1991 च्या नोव्हेंबरात ही जात संकटग्रस्त जाहीर झाली. 1992 मध्ये रेडफिशला अख्ख्या हंगामात एकच सॉकाय पोचला, तोही नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘लोनसम लॅरी’, एकटा लॅरी. त्याचं वीर्य गोठवून ठेवलं आणि त्याच्या कातड्यात भुसा भरून त्याला प्रदर्शनात मांडलं. 1991 ते 1998 या आठ वर्षांत मिळून 16 मासे परतले. त्या सोळांवर आणि सरोवरातच राहिलेल्या काही भाऊबंदांवर आजचा सगळा वंश उभा आहे.

म्हणून मत्स्यबीज केंद्रांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. नदीप्रेमींमध्ये असा एक गट आहे, ज्यांना केंद्रातला मासा म्हणजे बॉयलर कोंबडी वाटते. पण 1991 मध्ये, स्प्रिंगफील्डच्या कितीतरी आधी, केंद्रात वंश वाढवायची सोय झाली नसती तर आज वाद घालायला मासाच नसता. रोगाची साथ आली तर सगळं एकदम जाऊ नये म्हणून वंश दोन राज्यांत वाटून ठेवला, कुणाची जोडी कुणाशी लावायची याचे तक्ते केले आणि इतक्या थोड्या माशांतून जनुकीय विविधता मोठ्या प्रमाणात टिकवली. शास्त्र म्हणून हे काम अव्वल आहे.

पण अतिदक्षता विभागातला रुग्ण तीस वर्षं यंत्रावरच असेल, तर ‘श्वास चालू आहे’ हे यश किती दिवस मिरवायचं? या माशाच्या अधिकृत पुनरुज्जीवन योजनेत, 2015 च्या, उद्दिष्ट स्पष्ट लिहिलंय: केंद्रात न जन्मलेले 2,500 प्रौढ मासे दरसाल स्वतःहून परतले पाहिजेत. रेडफिशला हजार, अल्टुरास सरोवराला हजार, पेटिटला पाचशे. 2014 हे अलीकडच्या काळातलं सगळ्यात चांगलं वर्ष. तेव्हा आले 1,579, आणि त्यातले बहुतेक केंद्राच्या कृपेने. 2019 ला आले 17.

मधलं 2015 तर वेगळं सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात बर्फ कमी आणि ऊन लवकर. चार हजारांवर स्नेकचे सॉकाय बॉनव्हिल ओलांडून वर निघाले होते, म्हणजे समुद्राने आपलं काम चोख केलं होतं. पण कोलंबिया आणि स्नेकचं पाणी वीस अंशांच्या वर गेलं आणि तिथेच राहिलं. वीस अंशांनंतर सॉकायला धाप लागते, अंगावर बुरशी धरते, तो थंड पाण्याच्या एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी थांबून राहतो आणि थांबला की साठवलेली चरबी संपते. त्या वर्षी स्नेकच्या सॉकायपैकी सुमारे 99 टक्के वाटेतच मेले. संपूर्ण कोलंबिया खोऱ्यात मिळून अडीच लाखांच्या आसपास. जे थोडे लोअर ग्रॅनाइटपर्यंत पोचले, त्यांतल्या काहींना पकडून ट्रकने पुढे नेलं. 2021 ला ट्रक काढावे लागले, 2024 ला पुन्हा. म्हणजे पिल्लं ट्रकने आणायची आणि मोठे झालेले मासे ट्रकने न्यायचे, नदी नावापुरती.

हे पाणी इतकं तापतं कशामुळे? हवामान बदलतंय, हे खरंच. पण स्नेकच्या खालच्या टप्प्यात आता नदी वाहत नाही, एकाला एक लागून चार तलाव पसरलेत. संथ, रुंद, उघडे. तापलेलं पाणी रात्रीही निवत नाही. ते थंड करायला क्लिअरवॉटरवरच्या ड्वॉरशाक धरणाच्या तळाचं गार पाणी उन्हाळ्यात सोडतात. एका धरणाने केलेला ताप दुसऱ्या धरणाच्या पाण्याच्या पट्ट्यांनी उतरवायचा. खाली निघालेल्या पिल्लांचंही तेच. वसंतातल्या पुराच्या धक्क्याने वाहत जाण्याऐवजी त्यांना तलावामागून तलाव पोहून काढावे लागतात, टर्बाइन आणि टपलेले मासे चुकवत. त्यांना पडावांत भरून धरणांखाली नेण्याचा उपायही कित्येक दशकं चाललाय. या नदीतून गहू बोटीने जातो, आता मासेही बोटीने. सॉकायचे खवले हाताळताना चटकन निघतात, त्यामुळे या उपायाचा फायदा त्याला सगळ्यात कमी.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात जोरदार पुरावा मीच मांडतो, कारण धरणविरोधी लेखांत तो सहसा गाळला जातो. कोलंबियाच्या वरच्या अंगाला, कॅनडाच्या हद्दीत, ओकानागन नदीचं खोरं आहे. तिथल्या सॉकायलाही समुद्राकडून येताना धरणं लागतात, आठ नव्हे, नऊ. आणि ती मजेत आहे! 1990 च्या दशकात तिथे मोजके हजार मासे येत. 2024 मध्ये बॉनव्हिलवर सात लाखांहून अधिक सॉकाय मोजले गेले आणि त्यातले बहुसंख्य ओकानागनचे होते. ‘मग धरणांना दोष कशाला देता?’ हा प्रश्न रास्त आहे.

ओकानागनमध्ये काय केलं ते बघा. तिथल्या मूळनिवासी जमातींच्या ओकानागन नेशन अलायन्सने आग्रह धरला आणि सरोवराचे दरवाजे कधी, किती उघडायचे हे ठरवताना माशाच्या अंड्यांचा हिशेब धरला जाऊ लागला. हिवाळ्यात पाणी एकदम तोडलं की खडीतली अंडी उघडी पडून मरतात, वसंतात एकदम सोडलं की वाहून जातात. दोन्ही थांबलं. 2004 पासून स्काहा सरोवरात, जिथून मासा कित्येक वर्षं हद्दपार होता, पिल्लं सोडायला सुरुवात झाली. 2014 ला पेन्टिक्टनला त्यांचं स्वतःचं मत्स्यबीज केंद्र आलं. म्हणजे घर आधी राहण्याजोगं केलं, पाण्याच्या चाव्या ज्यांच्या हातात त्यांच्या शेजारी खुर्ची मिळवली, मग पिल्लं वाढवली. केंद्र होतं, पण शेवटी.

तेव्हा ‘धरण म्हणजे मरण’ हे सरसकट समीकरण मी सोडून देतो. पण ओकानागनची वाट तुलनेने आखूड, सरोवरं सखल आणि खाद्याने भरलेली. कोलंबियाचा मुख्य प्रवाह स्नेकहून मोठा आणि गार, तिथे मासा थांबून उसासा टाकू शकतो. रेडफिशच्या माशाला ती सवलत नाही. त्याचं सरोवर ग्रॅनाइटच्या कुशीतलं, आरशासारखं स्वच्छ, आणि स्वच्छ म्हणजे उपाशी. पूर्वी हजारो मासे येऊन तिथे मरायचे, त्यांच्या कुजण्यातून समुद्रातलं नत्र आणि स्फुरद त्या डोंगरात पोचायचं, त्यावर शेवाळ, शेवाळावर सूक्ष्म प्राणी आणि त्यांच्यावर पुढची पिढी. आईबाप मरून पोरांच्या ताटात वाढून जायचे. मासे आटले तसं ताटही आटलं. शिवाय सॉकायचाच सरोवरात अडकून राहणारा, आकाराने लहान असा कोकनी नावाचा भाऊबंद त्याच ताटात जेवतो. म्हणून 1990 च्या दशकापासून शोशोन-बॅनक लोक बोटीतून सरोवरांना पातळ खत घालतात. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. पण कोणत्याही शेतकऱ्याला हेही समजेल की शेणखत बंद करून नुसत्या रासायनिक खतावर जमीन किती वर्षं तग धरते. इथलं शेणखत म्हणजे परतणारा मासा. तो यायचा तर वाट मोकळी हवी.

वाट मोकळी करायची म्हणजे स्नेकच्या खालच्या टप्प्यातली चार धरणं: आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूज आणि लोअर ग्रॅनाइट. काँक्रीटचा भाग तसाच ठेवून बाजूचा मातीचा बांध काढला तरी नदी वाहू लागते. त्यांची किंमतही सांगतो. वर्षभराची सरासरी धरली तर हजार मेगावॅटच्या आसपास वीज, तीही कोळसा न जाळता. समुद्रापासून साडेसातशे किलोमीटर आत असलेल्या लुइस्टनला बंदर, जिथून गहू पडावांनी जातो. आइस हार्बरच्या तलावावर शेती भिजते. हे सगळं खरं आहे आणि ज्याचं पोट त्यावर आहे त्याला ‘निसर्गासाठी सोसा’ सांगणं मला जमणार नाही. पण ही धरणं पूर अडवत नाहीत, साठा करत नाहीत. वीज दुसरीकडून आणता येते, गहू रेल्वेने नेता येतो, पंपांची तोंडं खाली सरकवता येतात. पैसे लागतील. 2021 मध्ये आयडाहोचे रिपब्लिकन खासदार माइक सिम्पसन यांनी, कुणी पर्यावरणवाद्याने नव्हे, या सगळ्यासाठी 33.5 अब्ज डॉलरचा आराखडा मांडला. शेतकऱ्यांपासून वीज कंपन्यांपर्यंत प्रत्येकाचं नुकसान भरून द्यायचं आणि मग बांध काढायचे. 2022 मध्ये केंद्र सरकारच्याच सागरी संस्थेच्या अहवालाने हे बांध काढणं अत्यावश्यक उपायांत मोजलं. 2023 च्या डिसेंबरात बायडेन सरकारने दोन राज्यं आणि चार जमातींशी करार केला, त्यात बांध काढायचे नव्हते, फक्त त्यांच्या विजेला पर्याय उभा करायला सुरुवात करायची होती. जून 2025 मध्ये ट्रम्प यांनी तोही मोडला.

आणि या प्रत्येक वळणावर बांध राखू पाहणाऱ्यांच्या हातात एक आयता दाखला असतो: मासे तर आम्ही सोडतोच आहोत की! हाच माझा आक्षेप. मत्स्यबीज केंद्र निर्णय घ्यायला उसंत मिळावी म्हणून होतं. त्याचा उपयोग निर्णय टाळायला झाला.

अमेरिकेला नावं ठेवताना घरचंही सांगायला हवं. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीरचं बीज तयार केलं. धरणांनी या माशाच्या वाटा तोडल्या होत्या, त्यामुळे हेतू चांगलाच होता आणि दक्षिणेतल्या टॉर खुद्री या जातीला त्याने हात दिला. पण ते बीज राज्याराज्यांत वाटलं गेलं आणि कावेरीतही पडलं. कावेरीत तिथलाच, पाठीला कुबड असलेला, प्रचंड वाढणारा महसीर होता. पाहुण्याने त्याची जागा घेतली. 2018 मध्ये कुबडवाला अतिसंकटग्रस्त यादीत गेला आणि त्याच सुमारास टॉर खुद्रीला मात्र धोका नसल्याचं नोंदवलं गेलं. सोडलेल्या बोटुकलींच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, आकड्यात दोन्ही मासे ‘महसीर’च होते, त्यामुळे कागदावर सगळं हिरवं दिसत राहिलं. आपल्या जलाशयांत दरवर्षी बोटुकली सोडण्याचे समारंभ होतात. त्यांतल्या किती अंडी घालण्याइतक्या मोठ्या झाल्या, कोणत्या ओढ्यात चढल्या, हे विचारून बघा.

रेडफिशच्या ओढ्यावर हे विचारण्याची पद्धत आहे, हे त्यांचं श्रेय. उन्हाळ्याच्या शेवटी तिथे एक सापळा लावतात. वर येणारा प्रत्येक मासा त्यात अडतो आणि माणसं त्याला हातात घेऊन आधी पाठीचा, शेपटीजवळचा बोटभर मांसल पर बघतात. केंद्रातल्या पिल्लाचा तो पर सोडण्याआधी कापलेला असतो. पर शाबूत असेल तर हा मासा सरोवरातल्या खडीत जन्मला, आठ धरणं उतरला, समुद्रात मोठा झाला आणि आठ धरणं चढून परत आला. शाबूत पराच्या माशांची ओळ वहीत वेगळी लिहितात. 2,500 व्हायला हवेत ते त्या ओळीतले.